थोरल्याचे पाणी

गल्लीत डेंग्यूचा रुग्ण सापडला की फवारणी होते. आधी रुग्णाच्या घरात, मग आजूबाजूच्या घरांत. दार उघडायला कुणी नसेल तर कुलूपवाल्याला बोलावून उघडतात. थायनान शहरात उन्हाळा सरता सरता हे कुठे ना कुठे चालू असतेच, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. या वर्षी आमच्या गल्लीतला रुग्ण होता च्यो थ्येनफा, आणि त्याच्या दिवाणखान्यात अर्धी भिंत व्यापणारी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती.

थ्येनफाचे चष्म्याचे दुकान होते. आयुष्यभर त्याने लोकांना ‘हे स्पष्ट दिसतंय की ते?’ असे विचारले. दुकान विकल्यावर तो सगळा काटेकोरपणा टाकीकडे वळला. रोज सकाळी तो काचेच्या बारीक नळीत टाकीतले पाणी घेई, त्यात औषधाचे थेंब सोडी, आणि आलेला रंग छापील पट्टीवरच्या रंगांशी खिडकीच्या उजेडात ताडून बघे. टाकीतले पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. म्हणून रोज मोजून गोडे पाणी घालावे लागते. ते नळाचे चालत नाही, गाळणयंत्रातून थेंब थेंब उतरलेलेच लागते. मागच्या बाल्कनीत त्यासाठी एक पिंप होते. शेजारी दुसरे पिंप समुद्राच्या पाण्याचे. ते पाणी लाय नावाचा माणूस टँकरमधून आणून रबरी पाइपने वर चढवून देई.

टाकीत प्रवाळ होते, कोळंब्या होत्या, गोगलगायी होत्या, लहानसहान मासे होते. पण टाकी खरी एकाच माशाची. आणला तेव्हा तो काळानिळा, अंगावर पांढरी वर्तुळे असलेला होता. थ्येनफाच्या डोळ्यांदेखत वर्तुळे विरघळली आणि निळ्या अंगावर पिवळे आडवे पट्टे उमटले. त्याला सगळे ‘थोरला’ म्हणत. थ्येनफा आणि त्याची बायको पीश्या यांना मुलगी एकच, यीचुन, थायपेला नोकरीला. ती म्हणायची, “मी एकुलती एक, तरी या घरात धाकटीच.”

थ्येनफाला ताप आला, अंगावर पुरळ उठले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. रुग्णालयात त्याला खाटेवर मच्छरदाणी लावून ठेवले, म्हणजे त्याला चावलेला डास आणखी कुणाला चावू नये. खाटेवरून उतरायला मनाई. रक्तातल्या पेशी उतरत चालल्या होत्या, कुठे धडपडला तर रक्त थांबणार नाही असे डॉक्टरांनी बजावले होते. जाळीच्या आतून तो पीश्याला व्हिडिओ कॉल करी आणि स्वतःच्या तब्येतीबद्दल अवाक्षर न काढता विचारी, “खारटपणा बघितलास?”

“बघितला. ठीक आहे.”

“ठीक म्हणजे किती?”

“काटा हिरव्या पट्ट्यात आहे.”

“हिरवा पट्टा लांबलचक असतो. आकडा सांग.”

“अरे म्हाताऱ्या, तिकडे तुझ्या रक्ताचे आकडे उतरतायत, ते सांग ना मला.”

“ते बघायला इथे डॉक्टर आहेत. टाकीला तू एकटीच आहेस.”

पीश्याने दुकानात हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळले होते. टाकीत तिने कधी हात घातला नव्हता. माशांना खायला घालायचे आणि पाहुण्यांना थोरला दाखवायचा एवढेच तिचे काम. पण रुग्णवाहिकेत चढताना थ्येनफाने तिचे मनगट धरून म्हटले होते, “मी येईपर्यंत त्याला सांभाळ.” ती ‘हो’ म्हणाली होती. तापाने लाल झालेल्या माणसाला दुसरे काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी आरोग्य विभागाची बाई बॅटरी घेऊन आली. सोबत वॉर्डप्रमुख हुंग होता. गल्लीतली लग्ने, भांडणे, मयती, सगळीकडे हजर असणारा माणूस. बाईने घरातली एकूण एक भांडी तपासली. फुलदाणी, फ्रिजखालचा ट्रे, देवघरातला पाण्याचा पेला. मग बाल्कनी. गोड्या पाण्याच्या पिंपाच्या झाकणाला एका कडेला तडा गेला होता. बाईने झाकण उचलून आत उजेड टाकला आणि मागे सरून पीश्याला जागा करून दिली.

पाणी इतके नितळ होते की तळ दिसत होता. त्यात बारीक काळ्या अळ्या वळवळत वर येत होत्या, खाली जात होत्या.

“वहिनी,” हुंग म्हणाला, “चष्मेवाल्याने मासे पाळलेत हे ठाऊक होतं. डासांचंही पालन करतो हे नव्हतं ठाऊक.”

हे तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, कारण त्याला दुसरा आवाजच नाही. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी येन थांबली.

“आमच्या नातवाला परवा ताप आला होता हं,” येन तिथूनच म्हणाली. “म्हटलं कुठून आला असेल!”

“त्याला सर्दी झालीय असं तूच सांगत होतीस,” पीश्या म्हणाली.

“तेव्हा मला या पिंपाचं कुठे माहीत होतं?”

बाईने कुणालाही दोष दिला नाही. अळ्या नळीत भरून घेतल्या, पाणी ओतून द्यायला सांगितले, उद्या सकाळी फवारणी आहे म्हणून सांगितले आणि कागदावर सही घेऊन ती पुढच्या घरी गेली. पीश्याने पिंप आडवे केले. पाणी बाल्कनीच्या मोरीतून खळखळत गेले. येन अजून बघतच होती. खालून आणखी दोघीतिघी वर बघत होत्या. मग पीश्याने दुसरे पिंपही आडवे केले.

संध्याकाळी तिने थ्येनफाला हे सांगितले.

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“अगं, समुद्राच्या पाण्यात हे डास होत नाहीत.”

“ते मला माहीत आहे. येनला माहीत नाही. ती तिथे उभी होती, सगळी गल्ली उभी होती. एक ओतायचं आणि एक ठेवायचं, मग त्यांना काय वर्ग घेऊन शिकवत बसू?”

“राखीव पाणी होतं ते, पीश्या. काही झालं तर घालायला दुसरं पाणी नाही आता.”

“मग लायला फोन करते.”

लाय फोनवर नेहमीसारखाच मोकळा बोलला. “काकू, वादळ नुकतंच होऊन गेलंय. नद्यांचा सगळा गाळ समुद्रात आलाय. किनाऱ्याचं पाणी दुधातल्या चहासारखं दिसतंय. हे मी तुमच्या टाकीत घातलं तर काका दवाखान्यातून उठून मला मारायला येतील.”

“कधी मिळेल मग?”

“समुद्र नितळला की. त्याला मी घाई करू शकत नाही.”

घरात मिठाचे पोते होते. गाळलेल्या गोड्या पाण्यात ते मीठ कालवले की समुद्राच्या पाण्याचे काम भागते. पीश्याने पिंप घासून धुतले, झाकणाचा तडा चिकटपट्टीने बुजवला आणि गाळणयंत्र चालू केले. ते थेंब थेंब गळू लागले.

फवारणीच्या दिवशी सकाळी थ्येनफाने फोनवरून सगळी तयारी करून घेतली. त्याचा ताप उतरला होता, पण चेहरा पिवळा दिसत होता आणि दर वाक्यानंतर तो थांबत होता.

“प्लास्टिक दुहेरी घे. चारी बाजूंनी चिकटपट्टी. कोपऱ्यात जास्त लाव, तिथे सुटते. आता वरून ओला टॉवेल टाक. खालच्या कपाटाची दारंही बंद कर, फटीला पट्टी.”

टाकीखालच्या कपाटात पंप होते आणि स्किमर होते. स्किमर म्हणजे एक उभे नळकांडे. ते पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे घुसळते, पाण्यातली घाण फेसाबरोबर वर येते आणि एका वाटीत साचते. रोज ती वाटी धुताना पीश्या नाक दाबायची.

“हे बंद करू?” तिने विचारले. “काल ती बाई म्हणत होती, हवेचा पंप बंद ठेवा.”

“नको. वरून प्लास्टिक घातलंय, हेही बंद केलं तर आतल्यांचा जीव कोंडेल. थोरला मोठा आहे, त्याला हवा जास्त लागते. आणि स्किमरची हवा घरातली नाहीच. बाहेरून येते.”

हे खरे होते. बंद घरात, एसी लावून माणसे बसली की हवा कोंदट होते आणि तीच हवा पाण्यात घुसळली की पाणी हळूहळू आम्लाकडे झुकते. थ्येनफाच्या रंगपट्टीवर हा फरक दिसायचा. म्हणून त्याने स्किमरची हवेची नळी भिंतीच्या कडेने नेऊन खिडकीच्या चौकटीला भोक पाडून लोखंडी जाळीबाहेर काढली होती. पाण्याचा रंग दुसऱ्याच दिवशी पट्टीवर एक घर पुढे सरकला होता, आणि थ्येनफाने ते येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगितले होते.

“घरात कितीही फवारू देत,” तो म्हणाला, “त्या नळीतून औषधाचा कणही आत जाणार नाही.”

फवारणीची माणसे आली. मुखवटे, पाठीवर यंत्रे. त्यांच्यातल्या प्रमुखाने टाकीकडे पाहिले, प्लास्टिक बोटाने दाबून पाहिले.

“छान बांधलंय. पंप बंद आहे ना?”

“हवा बाहेरून येते त्याची,” पीश्या म्हणाली.

“आम्ही बंद करायला सांगतो, काकू.”

“माझा नवरा सांगतोय चालू ठेव. वीस वर्षं तो हे बघतोय.”

माणसाने खांदे उडवले. त्याच्यापुढे अख्खी गल्ली होती. “मासे तुमचे. गॅस बंद, अन्न झाकलेलं, खिडक्या बंद. चला, सगळे बाहेर.”

गल्लीच्या तोंडाशी सगळी घरे जमली होती. हुंगने बर्फ घातलेला चहा वाटला. कुणी मांजर पिशवीत घेऊन आले होते, कुणी देवाची मूर्ती. येन नातवाला कडेवर घेऊन उभी होती.

“तुझ्या टाकीला नाही का बाहेर आणलंस?” येनने विचारले.

“तू उचलतेस का एका बाजूने?”

“थोरल्याला तरी बादलीत घालून आणायचं.”

“बादलीत तो भिंतींवर आपटून मरतो, असं थ्येनफा म्हणतो.”

“तुझा थ्येनफा फार काय काय म्हणतो,” येन म्हणाली, आणि मग स्वतःच ओशाळून चहाचा पेला तिच्यापुढे केला. “कसा आहे तो?”

“हुकूम सोडतोय.”

“मग बराय.”

घरांच्या आत शिरण्याआधी त्या माणसांनी गल्ली घेतली. गटारे, कुंड्यांच्या रांगा, स्कूटरींच्या मधल्या फटी. यंत्रे घरघरली आणि पांढरा धूर जमिनीवरून उठून भिंतींना धरून वर चढला. पहिल्या मजल्यांच्या जाळ्या दिसेनाशा झाल्या. पीश्या चहा पीत ते बघत होती. तिच्या घराच्या खिडकीला धूर चांगला टेकून राहिला होता. खिडकी घट्ट बंद आहे, हे तिने मनात पुन्हा एकदा तपासून घेतले.

वर जायची परवानगी मिळाल्यावर तिने आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले, मग टॉवेल उचलला, पट्टी सोलली. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. एकही कोपरा सुटला नव्हता. थोरला काचेजवळ आला, नेहमीसारखा, खायला मागायला. तिने समाधानाने फोन लावला.

“बघ तुझा राजा. काही झालं नाही.”

“मला कोळंबी दाखव.”

“तुला थोरला दाखवतेय ना.”

“कोळंबी आधी. ती कुठे असते माहीत आहे ना, डावीकडच्या दगडाखाली.”

पीश्याने फोन काचेला लावला. लाल पट्ट्यांची कोळंबी दगडाखाली नव्हती. ती वाळूत आडवी पडली होती आणि तिचे पाय एकेकटे झटकत होते, कुणी दोरा ओढावा तसे.

थ्येनफा म्हणाला, “प्लास्टिक दाखव.”

“घट्ट होतं. मी स्वतः सोललं.”

“कपाट?”

“पट्टी तशीच आहे.”

“मग हवा...” एवढे म्हणून तो थांबला. “पीश्या, त्यांनी बाहेर पण फवारलं?”

“हो. बाहेरच आधी.”

“खिडकीपाशी?”

तिने खिडकीकडे पाहिले. जाळीच्या पलीकडे पारदर्शक नळीचे टोक, खाली वळवलेले, पावसाचे पाणी शिरू नये म्हणून. धूर तिथे टेकून राहिला होता ते तिला आठवले, आणि तिने ते त्याला सांगितले. सांगावे लागलेच.

यानंतरची कामे थ्येनफाने एकापाठोपाठ एक सांगितली आणि तिने केली. स्किमर बंद. नळी उपटून टाकली. कोळशाच्या जाळीदार पिशव्या पाण्याच्या प्रवाहात ठेवल्या. हा कोळसा विष शोषतो. मेलेली कोळंबी काढली. मग दुसरी. मग लहान मासे वेडेवाकडे पोहू लागले, काचेवर आदळू लागले, आणि मेला तसा तिने जाळीने एकेक उचलला.

“आता पाणी बदलायचं,” तो म्हणाला. “जेवढं आहे तेवढं.”

“पिंप पावही भरलं नाही रे. गाळण थेंब थेंब पडतंय.”

“ते घाल. मीठ कालव, ढवळ, आकडा बघ.”

तिने घातले. टाकीच्या मानाने ते पाणी काहीच नव्हते.

“नळाचं घेऊ का?”

ज्या माणसाने वीस वर्षे नळाच्या पाण्याचा थेंब टाकीत पडू दिला नव्हता, तो म्हणाला, “घे. क्लोरीन मारायचं औषध वरच्या फळीवर आहे, ते घाल आधी.”

यीचुनला थायपेहून दुसऱ्या दिवशीच निघता येणार होते. तिथूनच तिने चार दुकानांना फोन केले. एकाकडे समुद्राचे पाणी नव्हते, एकाकडे होते पण घरी पोचवायला गाडी नव्हती, उरलेल्यांनी आधी सांत्वन केले आणि मग तेच सांगितले जे थ्येनफा सांगत होता. लायचा स्वतःहून फोन आला.

“काकू, माझ्या दुकानातल्या टाकीतलं थोडं काढून आणतो. पण खरं सांगू? ते औषध वाळूत बसतं, दगडात बसतं. वरचं पाणी बदलून...” तो अडखळला. “आणतो तरी.”

त्याने आणले. पाच कॅन स्वतः जिने चढवून आणले, ओतले, टाकीसमोर उभा राहिला आणि रिकामे कॅन घेऊन गेला.

थोरला रात्रभर टिकला. सकाळी तो तिरका होऊन पोहत होता. कल्ले भराभर हलत होते. जरा सरळ होई, काचेकडे येई, आणि वाटेतच एका अंगावर कलंडे. पिवळे पट्टे अजून तितकेच झळझळीत होते, आणि पीश्याला त्याचाच राग आला.

रुग्णालयात नर्सने थ्येनफाला फोन ठेवायला सांगितले होते. त्याने तो उशीखाली ठेवला आणि ती गेल्यावर पुन्हा काढला.

“पेशी किती झाल्या?” पीश्याने विचारले.

“वाढतायत. दोन दिवसांत सोडतील म्हणतात.”

“दोन दिवस,” ती म्हणाली.

“हो.”

“पिंप मी ओतलं.”

“नळी खिडकीबाहेर मी काढली होती.”

“पंप बंद करा म्हणाला होता तो माणूस. तुझं नाव सांगून मीच त्याला गप्प केलं.”

“बरोबर केलंस. मी तेच सांगितलं होतं.”

“भांड ना माझ्याशी,” ती म्हणाली. “नाहीतर एवढ्यातेवढ्यावरून भांडतोस.”

जाळीमागे त्याचा चेहरा पुसट दिसत होता. तो भांडला नाही.

“आता काय करू, सांग.”

“कोळसा बदललास?”

“पहाटे बदलला.”

“खारटपणा?”

तिने आकडा सांगितला. अगदी नेमका, दशांशासकट. तो अगदी बरोबर होता. तापमान बरोबर होते. तिने नळीत थेंब टाकून रंग पाहिला, पट्टीशी ताडला, तोही सांगितला. थ्येनफाच्या सगळ्या पट्ट्यांवर ते पाणी चांगले होते. जे त्यात होते ते दाखवणारी पट्टी त्याच्याकडे नव्हती.

“बोल की,” ती म्हणाली. “पुढे काय?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्याजवळ पुढचे काम नव्हते. फोनमधून वॉर्डातल्या कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला, ट्रॉलीची चाके वाजली.

“टाकीचा दिवा घालव,” तो शेवटी म्हणाला. “पडदेही ओढ. त्याला उजेड सोसत नसेल.”

तिने दिवा घालवला, पडदे ओढले आणि फोन हातात धरून टाकीसमोर स्टुलावर बसली. भर सकाळी खोली काळोखी झाली. आता पट्टे दिसत नव्हते. मधूनमधून काचेवर थपकन आवाज होई, मग पाणी हले.

“ऐकू येतंय का तुला?”

“येतंय.”

“फोन ठेवू?”

“नको.”

बराच वेळ दोघे तसेच बसले, ती स्टुलावर आणि तो जाळीत. आवाजांमधले अंतर वाढत गेले. मग आवाज आला नाही. पीश्या वाट बघत राहिली. तो आधी बोलेल असे तिला वाटत होते, आणि त्याला वाटत असावे की ती बोलेल.

“काढून घे त्याला,” थ्येनफा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा होता, फक्त हळू. “आत राहिला तर पाणी खराब होईल.”

“आता पाणी कुणासाठी रे?”

त्याने विचार केला. विचारलेल्याचे नीट उत्तर द्यायची त्याला सवयच होती.

“गोगलगायी राहिल्या असतील,” तो म्हणाला.

पीश्याने फोन स्टुलावर ठेवला आणि बाही खांद्यापर्यंत वर केली.